तोंडातल्या टाचण्या

सॉल्टपाँडला, मासळी धुरवायच्या भट्ट्यांमागे
माझं दुकान आहे. पत्र्याचं. दार निळं.
एकवीस वर्षं मी बायकांची मापं घेते
आणि माप घेताना माझ्या ओठांत टाचण्या असतात,
सहा-सात, कधी नऊ.
म्हणून मी बोलत नाही.
म्हणजे, असं मी सांगत आले.

वहीत प्रत्येकीचं एक पान.
एकुआ ओटुवाचं माशाच्या तेलाने पिवळं पडलेलं:
छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही कोपरापर्यंत,
गळा खोल नको, पाद्री बघतो.
हे शेवटचं तिनेच हसत सांगितलं होतं,
मी तसंच लिहून ठेवलं.

ईस्टरच्या काब्याला डावा टक्स अर्धा इंच सरकवावा लागला.
ऑगस्टमध्ये आणखी.
कापडाचा दोष असेल म्हणून दिवा जवळ घेतला,
तर कापड सरळ होतं.
चुणी तिच्या कातडीला पडली होती,
आतून कुणी दोरा ओढून गाठ मारावी तशी.

मी पाहिलं. मी पाहतेय हे तिने पाहिलं.
"दुखत नाही," ती म्हणाली.
मी मान हलवली.
ओठांत टाचण्या होत्या ना.
मग डाव्या बाजूला जाड अस्तर लावलं, वर एक झालर,
आणि ते पोलकं इतकं बेमालूम बसलं
की चर्चमध्ये चौघींनी तिला माझा पत्ता विचारला.

आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम ते.

केप कोस्टच्या इस्पितळात ती गेली
तेव्हा पुन्हा ऑगस्ट आला होता.
डॉक्टरीण काय म्हणाली, ते तिच्या धाकट्या मुलीने, आबाने, सांगितलं:
आधी आली असती तर.
वाक्य तिथेच संपलं.
मी पुढचं ऐकायला थांबले होते.

मयताचे काळे-तांबडे कपडे मीच शिवले,
सदतीस जणांचे.
मापं घेताना कुणी विचारलं, कशाने गेली?
कुणी म्हणालं ताप. कुणी म्हणालं नजर.
मावशी "बायकांचं दुखणं" म्हणाली आणि दार लावून घेतलं.
खिडकीशी उभी असलेली आबा म्हणाली, "नुफू."
भरल्या घरात.
नुफू, स्तन, तान्ह्या बाळाचं पहिलं घर,
आणि सगळ्यांनी खाली बघितलं
जणू जमिनीवर काही सांडलंय.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
मी जे झाकलं त्याची किंमत वहीत आहे:
अर्धं पान कोरं.

आता टाचण्या मनगटावरच्या उशीला टोचते
आणि पट्टी लावण्याआधी विचारते:
आंघोळीनंतर बघतेस का, हात वर करून, आरशात?
बोटं फिरव, घेवड्यातले खडे चाचपतेस तशी, हळू.
कमरेच्या माळेतला मणी न् मणी तुला अंधारात ओळखू येतो,
तसा कुठल्याच माळेत नसलेला मणी हाताला लागला
तर ये माझ्याकडे. नको, माझ्याकडे नको,
फिलोमिना नर्सकडे जा, बुधवारी असते.
दुखत नसेल तरी. ऐकलंस? तरी.

काही हसतात.
एक कापड घेऊन उठून गेली, आता समोरच्या कोजोकडे शिवते.
एक म्हातारी म्हणाली, ह्या वयात बघायला काय उरलंय,
आणि पोलकं नेताना हळूच,
"बुधवारी किती वाजता?"
होडीवाला क्वेसी बायकोचं माप म्हणून गाठ मारलेली दोरी घेऊन आला.
माप नव्हतंच ते. बराच वेळ उभा राहिला.
"तिला तू सांग. मला शब्द सापडत नाही."
मी शब्द दिला.
दाराबाहेर, समुद्राकडे तोंड करून
त्याने दोनदा म्हणून पाहिला.

परवा आबा आली. नवं पान.
मी तोंड उघडायच्या आत म्हणाली,
"बघते. दर महिन्याला. तू माप घे."
छाती चौतीस.
पट्टी हलली असेल म्हणून पुन्हा घेतलं.
चौतीस.